'गेट' हे इंग्रजी क्रियापद वापरायचं कसं

इंग्रजी शब्दकोशात जी-ई-टी या तीन अक्षरांच्या क्रियापदाखाली अर्थांची भलीमोठी जंत्री असते: मिळणे, आणणे, होणे, पोहोचणे, समजणे, लागणे, करवून घेणे आणि आणखी बरंच काही. ही जंत्री पाठ करून फारसं हाती लागत नाही, कारण ऐन बोलताना त्यातला कुठला अर्थ उचलायचा हे जंत्रीत लिहिलेलं नसतं. ते 'गेट'च्या लगेच पुढे येणारा शब्द सांगतो. पुढे वस्तूचं नाव आलं तर एक अर्थ, विशेषण आलं तर दुसरा, ठिकाण आलं तर तिसरा, एखाद्या क्रियापदाचं तिसरं रूप आलं तर चौथा आणि 'टु' आलं तर पाचवा. वाचताना, ऐकताना लक्ष 'गेट'वर न ठेवता त्याच्या उजवीकडे ठेवायचं. पुढचं सगळं यावर उभं आहे.

या सगळ्या अर्थांत एक धागा समान आहे. 'बी' आणि 'हॅव' ही क्रियापदं स्थिती सांगतात, 'गेट' त्या स्थितीत येण्याची घटना सांगतं. "आय ॲम टायर्ड" म्हणजे मी दमलेलो आहे. "आय गॉट टायर्ड" म्हणजे मी दमलो. "शी हॅज अ न्यू जॉब" म्हणजे तिच्याकडे नवी नोकरी आहे. "शी गॉट अ न्यू जॉब" म्हणजे तिला नवी नोकरी लागली. आधी एक स्थिती होती, नंतर दुसरी आली, आणि हा बदल 'गेट'ने दाखवला.

मराठी बोलणाऱ्याला 'गेट' अवघड जातं त्याचं खरं कारण मात्र वेगळं आहे. मराठीत आपण म्हणतो: मला पत्र मिळालं, मला राग आला, मला सर्दी झाली, मला कंटाळा आला, मला कळलं, मला तिला भेटायला मिळालं. ज्याला अनुभव आला तो माणूस 'मला' होऊन बाजूला बसतो आणि पत्र, राग, सर्दी, कंटाळा हे कर्त्याची जागा घेतात. इंग्रजीत तो माणूस कर्त्याच्या जागी यावा लागतो, आणि मग क्रियापद म्हणून बहुतेक वेळा 'गेट'च येतं: "आय गॉट अ लेटर", "आय गॉट अँग्री", "आय गॉट अ कोल्ड", "आय गॉट बोर्ड", "आय गॉट इट", "आय गॉट टु मीट हर". सहा मराठी वाक्यांत चार वेगळी क्रियापदं होती, इंग्रजीत एकच पुरलं. म्हणून 'मला', 'त्याला', 'आम्हाला' असं सुरू होणारं आणि काहीतरी घडल्याचं सांगणारं वाक्य मनात आलं की आधी 'गेट' लावून बघायचं.

घडल्याचं सांगणारं, ही अट विसरायची नाही. "मला गाणी आवडतात" किंवा "मला पत्ता माहीत आहे" या वाक्यांत काही घडत नाही, तिथे 'लाइक' आणि 'नो' हवं. "मला भूक लागली आहे" हे आत्ताच्या स्थितीबद्दल आहे, म्हणून "आय ॲम हंग्री". "चालता चालता मला भूक लागली" हा बदल आहे, म्हणून "आय गॉट हंग्री".

रूपं आणि उच्चार

रूपं तीन: गेट, गॉट आणि तिसरं ब्रिटनमध्ये गॉट, अमेरिकेत बहुतेक अर्थांनी गॉटन. "त्याची तब्येत सुधारली आहे" हे ब्रिटिश माणूस "ही हॅज गॉट बेटर" म्हणेल, अमेरिकन "ही हॅज गॉटन बेटर" म्हणेल. दोन्ही बरोबर, एकाच लेखनात दोन्हींची सरमिसळ करू नये इतकंच.

देवनागरीत दाराचं गेट आणि हे गेट सारखंच लिहिलं जातं, पण इंग्रजीत स्वर वेगळे आहेत. दाराच्या गेटमधला 'ए' लांबवून, शेवटी 'इ'कडे झुकवत म्हणायचा. क्रियापदातला 'ए' आखूड, तोडून. हा फरक केला नाही तर ऐकणाऱ्याला क्षणभर दारच दिसतं. अमेरिकन बोलण्यात दोन स्वरांमधला 'ट' मऊ होऊन 'ड'सारखा ऐकू येतो: 'गेटिंग'चं गेडिंग, 'गॉट इट'चं गाडिट. बोलताना तो आणायची गरज नाही, पण कानाला तो माहीत हवा, नाहीतर चित्रपट किंवा मुलाखती ऐकताना अर्धी 'गेट' निसटून जातात.

पुढे वस्तू आली तर

इथे मिळणे, मिळवणे, विकत घेणे, आणणे हे सगळे अर्थ येतात आणि त्यातला नेमका कुठला ते संदर्भाने ठरतं. "आय गॉट दिस बुक फ्रॉम द लायब्ररी" म्हणजे ग्रंथालयातून आणलं. "आय गॉट दिस बुक फॉर माय बर्थडे" म्हणजे वाढदिवसाला मिळालं. क्रियापद तेच आहे, 'फ्रॉम' आणि 'फॉर'ने दिशा बदलली.

कोणासाठी तरी काही आणायचं असेल तर दोन रचना चालतात: "गेट मी अ ग्लास ऑफ वॉटर" किंवा "गेट अ ग्लास ऑफ वॉटर फॉर मी". दुसऱ्या रचनेत 'फॉर' लागतो. "गेट अ ग्लास ऑफ वॉटर टु मी" म्हटलं तर अर्थ "पाण्याचा पेला माझ्यापर्यंत पोहोचव" असा काहीतरी अवघडलेला होतो.

आजार लागणे, बस पकडणे, विनोद कळणे, फोन उचलणे, दार उघडायला जाणे हे अर्थही याच चौकटीत बसतात. दारावरची घंटा वाजली आणि कोणी "आय विल गेट इट" म्हणालं तर तो दार उघडायला निघालाय. "आय डिडन्ट गेट इट" याचे मात्र दोन अर्थ होतात: 'मला ते मिळालं नाही' आणि 'मला ते कळलं नाही'. गोंधळ होईल असं वाटलं तर पहिल्यासाठी 'रिसीव्ह' आणि दुसऱ्यासाठी 'अंडरस्टँड' वापरून मोकळं व्हावं.

हा अर्थ कर्मणी प्रयोगात जवळजवळ चालत नाही. "द बुक वॉज गॉट बाय मी" हे कोणी बोलत नाही.

पुढे विशेषण आलं तर

'होणे'. "इट इज गेटिंग डार्क" अंधार पडतोय, "द वॉटर गॉट कोल्ड" पाणी गार झालं, "माय शूज गॉट वेट" बूट भिजले. बदल हळूहळू चाललेला असेल तर 'गेटिंग' आणि विशेषणाचं दुसरं रूप जोडीने येतं: "द डेज आर गेटिंग लाँगर", दिवस मोठे होत चाललेत. वेग आणखी दाखवायचा तर विशेषण दोनदा: "बेटर अँड बेटर".

'बिकम'चाही अर्थ होणे, पण दोघांची हद्द वेगळी आहे. पुढे नाम असेल तर 'बिकम'च हवं. "शी बिकेम अ डॉक्टर" म्हणजे ती डॉक्टर झाली. "शी गॉट अ डॉक्टर" म्हणजे तिने डॉक्टरला शोधून आणलं. पुढे नाम आलं की 'गेट'चा अर्थ आधीच्या चौकटीत उडी मारतो, म्हणून ही चूक नुसती व्याकरणाची राहत नाही, वाक्याचा अर्थच बदलतो. विशेषणापुढे दोन्ही चालतात, 'गेट' बोलण्यातलं आणि 'बिकम' लिहिण्यातलं.

या चौकटीतली सर्वांत रुळलेली चूक म्हणजे "आय ॲम गेटिंग लेट". आपल्याकडे ती इतकी सर्रास ऐकू येते की बरोबरच वाटते. इंग्रजीत उशीर वेळेला होतो: "इट इज गेटिंग लेट", बराच वेळ झाला, निघायला हवं. माणसाला उशीर होत असेल तर "आय ॲम रनिंग लेट" किंवा "आय ॲम गोइंग टु बी लेट".

दुसरी चूक कालावधीची. 'गेट' घटना सांगतं, त्यामुळे "दहा वर्षांपासून", "तीन दिवसांपासून" अशा शब्दांशी त्याचं जमत नाही. "ही गॉट मॅरीड फॉर टेन इयर्स" हे चूक. घटना सांगायची तर "ही गॉट मॅरीड इन 2015", तेव्हापासूनची स्थिती सांगायची तर "ही हॅज बीन मॅरीड सिन्स 2015". सर्दीचंही तसंच: "आय गॉट अ कोल्ड ऑन मंडे", पण "आय हॅव हॅड अ कोल्ड फॉर थ्री डेज". जाता जाता, लग्न कोणाशी झालं हे सांगताना 'टु' येतो: "शी गॉट मॅरीड टु हर क्लासमेट". मराठीतल्या 'शी' प्रत्ययामुळे तिथे हटकून 'विथ' निघतो.

'गेट', मग वस्तू, मग विशेषण अशीही रचना होते: कशाला तरी एखाद्या स्थितीत आणणे. "गेट द चिल्ड्रन रेडी", मुलांना तयार कर. "डोन्ट गेट युवर फीट वेट", पाय भिजवू नकोस. "आय गॉट द आन्सर राँग", माझं उत्तर चुकलं. शेवटचं नीट बघा: मराठीत 'उत्तर' कर्ता आहे, इंग्रजीत 'मी'.

पुढे ठिकाण आलं तर

'पोहोचणे'. "वी गॉट टु द स्टेशन ॲट नाइन". ठिकाणाच्या नावाआधी 'टु' हवा, पण 'होम', 'हिअर', 'देअर' या तिघांआधी नको: "आय गॉट होम लेट", "हाउ डिड यू गेट हिअर?". 'रीच'ला 'टु' कधीच लागत नाही आणि 'अराइव्ह'ला 'ॲट' किंवा 'इन' लागतो. या तिघांची गल्लत होऊन "वी रीच्ड टु द स्टेशन" तयार होतं. अनोळखी ठिकाणी रस्ता विचारताना "हाउ डू आय गेट टु…" एवढी सुरुवात पाठ असली की पुढे नुसतं ठिकाणाचं नाव जोडायचं.

वाहनांचं गणित सोपं आहे. ज्यात शिरून उभं राहता येतं किंवा चालता येतं, ती बस, रेल्वे, विमान, जहाज यांना 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. ज्यात वाकून बसावं लागतं ती मोटार, टॅक्सी, छोटी होडी यांना 'गेट इन' किंवा 'गेट इंटू' आणि 'गेट आउट ऑफ'. सायकल, मोटारसायकल, घोडा यांच्यावर बसतात, म्हणून पुन्हा 'ऑन' आणि 'ऑफ'. बसमधून उतरण्याला आपण 'गेट डाउन' म्हणतो, कारण मराठीत खाली उतरणं असतं. इंग्रजीत झाडावरून, शिडीवरून, भिंतीवरून 'गेट डाउन' करतात, बसमधून 'गेट ऑफ'. कोणी अचानक "गेट डाउन!" असं ओरडलं तर अर्थ 'खाली वाका' असाही असतो.

पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं तर

ही कर्मणी रचनेची बोलीतली भावंडं: "ही गॉट पेड", "वी गॉट कॉट इन द रेन", "द विंडो गॉट ब्रोकन". 'वॉज'ऐवजी 'गॉट' का? दोन कारणं. एक, 'वॉज' संदिग्ध असतो. "द विंडो वॉज ब्रोकन" याचा अर्थ 'खिडकी फुटलेली होती' आणि 'खिडकी फोडली गेली' असा दोन्ही होतो. 'गॉट' आलं की ती फुटण्याची घटनाच सांगायची आहे हे नक्की होतं. दोन, बोलणाऱ्याला त्या घटनेचं सुखदुःख आहे हे 'गॉट'मधून झिरपतं. त्यामुळे ही रचना जास्त करून नुकसान, अपघात, शिक्षा किंवा बढती, निवड अशा गोष्टींसाठी वापरतात: "शी गॉट प्रमोटेड", "ही गॉट फायर्ड". एखादी इमारत कुठल्या साली बांधली अशा कोरड्या माहितीला ती शोभत नाही. तिथे "वॉज बिल्ट"च.

प्रश्न आणि नकार करताना 'डिड' लागतो, कारण इथे 'गेट' साहाय्यक क्रियापद नाही: "डिड यू गेट पेड?", "आय डिडन्ट गेट सिलेक्टेड". 'गेट ड्रेस्ड', 'गेट लॉस्ट', 'गेट स्टक', 'गेट हर्ट', 'गेट डिव्होर्स्ड' या जोड्या इतक्या पक्क्या आहेत की त्या एकेक शब्द समजून लक्षात ठेवाव्यात.

दुसऱ्याकडून करवून घेणं

इथे थोडं थांबायला हवं, कारण मराठीची सवय इथे सगळ्यात जास्त आडवी येते. मराठीत आपण बिनदिक्कत म्हणतो: मी केस कापले, मी दात काढला, मी फोन दुरुस्त केला. केस न्हाव्याने कापले, दात दंतवैद्याने काढला, फोन तंत्रज्ञाने दुरुस्त केला हे ऐकणारा गृहीत धरतो. इंग्रजी ऐकणारा ते गृहीत धरत नाही. "आय रिमूव्ह्ड माय टूथ" म्हटलं तर त्याला आरशासमोर पक्कड घेऊन उभा असलेला माणूस दिसतो.

बरोबर रचना अशी: कर्ता, मग 'गेट'चं योग्य काळातलं रूप, मग वस्तू, आणि सगळ्यात शेवटी क्रियापदाचं तिसरं रूप. "आय गॉट माय हेअर कट." "आय गॉट माय टूथ टेकन आउट." "आय नीड टु गेट माय फोन रिपेअर्ड." "वी आर गेटिंग द हाउस पेंटेड."

चूक बहुतेक वेळा क्रमात होते. "आय गॉट रिपेअर्ड माय फोन" असं म्हटलं की वाक्य मोडतं, कारण 'गॉट रिपेअर्ड' लगोलग आले की ऐकणारा ते आधीच्या कर्मणी चौकटीत बसवतो: मीच दुरुस्त झालो! वस्तू मध्ये घातली की अर्थ सरळ होतो. बोलताना क्रम चुकत असेल तर 'आय गॉट माय' इथपर्यंत एका दमात म्हणायचं, वस्तूचं नाव घ्यायचं आणि मग काम. 'माय' तोंडातून बाहेर पडलं की वस्तूला पर्यायच उरत नाही.

'गेट'च्या जागी 'हॅव'ही चालतं, "आय हॅड माय हेअर कट". 'हॅव' जरा नेटकं, 'गेट' घरगुती. 'गेट'मध्ये थोडी खटपट करून काम पार पाडल्याची छटाही असते.

हीच रचना आणखी दोन अर्थांनी येते. स्वतःचंच काम पुरं करणे: "आय विल गेट दिस रिपोर्ट फिनिश्ड बाय फ्रायडे", इथे कोणाकडून करवून घेणं नाही, शुक्रवारपर्यंत उरकून टाकतो एवढंच. आणि नको ते घडणे: "ही गॉट हिज फिंगर कॉट इन द डोअर", त्याचं बोट दारात चेमटलं. तीन अर्थांतला कुठला ते काम कशाचं आहे यावरून लगेच कळतं, रचना बदलावी लागत नाही.

काम करणाऱ्या माणसाचं नाव घ्यायचं असेल तर 'टु' येतो: "आय गॉट माय ब्रदर टु फिक्स इट". यात समजूत घालणं, गळ घालणं, मागे लागणं आहे. इथे 'मेक' आणि 'लेट'शी तुलना करून ठेवावी. "आय मेड हिम गो" मी त्याला जायला लावलं, "आय लेट हिम गो" मी त्याला जाऊ दिलं, "आय गॉट हिम टु गो" मी त्याला जायला राजी केलं. पहिल्या दोन्हींत 'टु' नाही, तिसऱ्यात हवाच. यंत्रंही माणसासारखी हट्टी असतात असं इंग्रजी मानतं: "आय कान्ट गेट द कार टु स्टार्ट", गाडी काही केल्या सुरू होत नाही.

थेट पुढे 'टु' आणि क्रियापद आलं तर

संधी मिळणे. "वी गॉट टु सिट इन द फ्रंट रो", आम्हाला पहिल्या रांगेत बसायला मिळालं. मराठीतलं '-ायला मिळणे' इथे जसंच्या तसं बसतं. लहान मुलांची तक्रारही अशीच असते: "व्हाय डझ शी गेट टु स्टे अप लेट?", तिला का जागायला मिळतं? 'नो', 'लाइक' यांच्याबरोबर मात्र हळूहळू होत जाण्याचा अर्थ येतो: "गेट टु नो समवन", कोणाची तरी ओळख होत जाणे.

'गेट'नंतर 'आयएनजी' असलेलं रूप आलं तर सुरुवात: "लेट्स गेट गोइंग", चला, निघू या. "वी गॉट टॉकिंग", आमचं बोलणं सुरू झालं.

'गेट यूज्ड टु' म्हणजे सवय होणे. इथला 'टु' शब्दयोगी अव्ययासारखा आहे, म्हणून पुढे नाम किंवा 'आयएनजी'चं रूप येतं: "यू विल गेट यूज्ड टु ड्रायव्हिंग ॲट नाइट". "गेट यूज्ड टु ड्राइव्ह" चूक. आणि नुसतं "आय यूज्ड टु ड्राइव्ह" म्हणजे 'मी पूर्वी चालवायचो', त्याचा सवय होण्याशी संबंध नाही.

'हॅव गॉट' हा वेगळा प्राणी

"आय हॅव गॉट टू सिस्टर्स" यात मिळण्याची घटना नाही. मला दोन बहिणी आहेत, बस. 'हॅव गॉट' म्हणजे 'असणे' आणि 'हॅव गॉट टु' म्हणजे 'करावं लागणे'. दिसायला ते 'गेट'चं रूप असलं तरी वागतं 'हॅव'सारखं, आणि ते जवळपास फक्त वर्तमानकाळात वापरतात. भूतकाळात "आय हॅड टू डॉग्ज" म्हणायचं, त्यात 'गॉट' घुसवायचं नाही.

प्रश्न दोन प्रकारे होतो: "हॅव यू गॉट टाइम?" किंवा "डू यू हॅव टाइम?". दोन्ही मिसळून "डू यू हॅव गॉट टाइम?" असं करायचं नाही. छोट्या उत्तरात 'गॉट' गळतं: "येस, आय हॅव".

अमेरिकन इंग्रजीत 'गॉट' आणि 'गॉटन' यांनी इथे कामं वाटून घेतली आहेत. "आय हॅव गॉट अ टिकट" माझ्याकडे तिकीट आहे. "आय हॅव गॉटन अ टिकट" मी तिकीट मिळवलं आहे. "आय हॅव गॉट टु गो" मला जावं लागेल. "आय हॅव गॉटन टु गो" मला जायला मिळालं आहे. पहिल्यात सक्ती, दुसऱ्यात संधी. बोलताना सक्तीचं 'गॉट टु' आकसून 'गॉटा' होतं. ऐकायला ठीक, लिहायला नको.

मागे एखादं छोटं अव्यय लागलं तर

अशा जोड्या पुष्कळ आहेत आणि त्यांचे अर्थ तुकडे जोडून निघत नाहीत. पण मराठी वाक्प्रचारांशी त्या चपखल जुळतात, म्हणून इंग्रजी व्याख्येऐवजी मराठी जोडीदार लक्षात ठेवावा. 'गेट अलाँग विथ' म्हणजे कोणाशी पटणे. 'गेट बाय' म्हणजे आहे त्यात भागवणे. 'गेट अवे विथ' म्हणजे केलेलं पचणे: "ही चीटेड अँड गॉट अवे विथ इट", त्याने फसवलं आणि ते पचलंही. 'गेट अराउंड टु' म्हणजे एखाद्या कामाला मुहूर्त लागणे, आणि त्यापुढे पुन्हा 'आयएनजी'. 'गेट रिड ऑफ' म्हणजे ब्याद टाळणे. 'गेट ईव्हन विथ' म्हणजे उट्टं काढणे. 'गेट द हँग ऑफ' म्हणजे हात बसणे. 'गेट आउट ऑफ हँड' हाताबाहेर जाणे, 'गेट विंड ऑफ' कुणकुण लागणे, 'गेट कोल्ड फीट' ऐनवेळी कच खाणे, 'गेट ऑन समवन्स नर्व्ह्ज' डोकं उठवणे. "व्हॉट आर यू गेटिंग ॲट?" म्हणजे तुझा रोख कशाकडे आहे? 'गेट थ्रू' जरा पसरट आहे: फोन लागणे, काम हातावेगळं होणे, वाईट काळ निभावणे, तिन्हीला चालतं.

'गेट अप' आणि 'वेक अप' एक नाहीत. जाग येते ते 'वेक अप', अंथरूण सोडतो ते 'गेट अप'. सहाला जाग आली आणि सातला उठलो, हे दोन्ही वापरल्याशिवाय सांगता येत नाही.

'गेट ओव्हर'बाबत सावध राहा. आजारातून किंवा दुःखातून सावरणे हा त्याचा अर्थ आहे: "इट टुक हर अ मंथ टु गेट ओव्हर द फ्लू". आपण मात्र 'संपणे' या अर्थाने तो सर्रास वापरतो, "द क्लास गॉट ओव्हर ॲट फाइव्ह". भारतात हे सगळ्यांना कळतं, बाहेर कपाळाला आठी पडते. तिथे "द क्लास फिनिश्ड ॲट फाइव्ह" किंवा "वॉज ओव्हर बाय फाइव्ह" म्हणावं. सर्वनामाची जागाही इथे महत्त्वाची आहे. "गेट ओव्हर इट" म्हणजे विसर आता, सावर. "गेट इट ओव्हर विथ" म्हणजे एकदाचं उरकून टाक.

तोंड धुऊन ताजंतवानं होण्यासाठी "आय विल गेट फ्रेश" म्हणू नका. 'गेट फ्रेश विथ समवन' म्हणजे कोणाशी आगाऊपणा, लगट करणे. हवा तो शब्द 'फ्रेशन अप'.

कुठे वापरायचं नाही

'रिसीव्ह', 'ऑब्टेन', 'अराइव्ह' हे शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले आणि दरबारी, कागदी भाषेत स्थिरावले. 'गेट' जुन्या नॉर्स भाषेतून आलं आणि बोलण्यात रुजलं. आजही अर्ज, करारनामा, प्रबंध, अधिकृत पत्र यांत 'गेट' कमी दिसतं ते याच वाटणीमुळे. सहकाऱ्याला ईमेल लिहिताना "आय गॉट युवर मेसेज" अगदी ठीक आहे. अर्जात "आय हॅव रिसीव्ह्ड युवर लेटर" लिहावं. मिळवण्यासाठी 'ऑब्टेन', होण्यासाठी 'बिकम', समजण्यासाठी 'अंडरस्टँड', 'हॅव गॉट टु'ऐवजी 'मस्ट' किंवा 'हॅव टु'. 'हॅज गॉट'मधलं 'गॉट' सरळ खोडलं तरी वाक्य उभं राहतं.

मात्र "गॉट मॅरीड", "गॉट लॉस्ट" अशा पक्क्या जोड्या लिखाणातही राहू द्याव्यात. तिथे 'बिकेम मॅरीड' लिहिलं तर वाक्य लाकडी होतं.

सराव कसा करायचा

खालचं वाक्य एकदा मोठ्याने वाचा आणि प्रत्येक 'गॉट'च्या उजवीकडे काय आहे ते बघा.

"आय गॉट अप लेट, गॉट ड्रेस्ड, गॉट ऑन द राँग बस, गॉट ऑफ, गॉट सोक्ड, अँड बाय द टाइम आय गॉट टु वर्क, आय हॅड गॉट सो टायर्ड दॅट आय गॉट अ फ्रेंड टु गेट मी सम टी."

पहिल्यापुढे अव्यय आहे: उठलो. दुसऱ्यापुढे तिसरं रूप, पक्की जोडी: कपडे केले. तिसऱ्या-चौथ्यात वाहन: चुकीच्या बसमध्ये चढलो, उतरलो. पाचव्यात पुन्हा तिसरं रूप, या वेळी नको असलेली घटना: चिंब भिजलो. सहाव्यात 'टु' आहे, पण त्याच्यापुढचं 'वर्क' हे इथे कामाचं ठिकाण आहे, म्हणून पोहोचलो. हाच 'टु वर्क' दुसऱ्या वाक्यात 'काम करायला मिळालं' असाही होऊ शकतो. 'बाय द टाइम' या सुरुवातीने इथे निकाल लागतो. सातव्यापुढे विशेषण: दमलो. अमेरिकन माणूस इथे 'हॅड गॉटन' म्हणेल. आठव्यापुढे माणूस आणि मग 'टु': मित्राला गळ घातली. शेवटच्या 'गेट'पुढे 'मी' आणि वस्तू, म्हणजे आणून देणे.

असंच रोज ऐकलेलं किंवा वाचलेलं 'गेट'चं एखादं वाक्य वहीत उतरवा आणि शेजारी फक्त चौकटीचं नाव लिहा: वस्तू, विशेषण, ठिकाण, तिसरं रूप, वस्तू आणि तिसरं रूप, 'टु', अव्यय. भाषांतर लिहू नका, चौकट लिहा. उलट दिशेने सराव करायचा असेल तर दिवसभरात स्वतः बोललेली 'मला'ची आणि 'करून घेतलं'ची चार-पाच मराठी वाक्यं रात्री आठवून इंग्रजीत म्हणा, आणि प्रत्येक वेळी आधी विचारा: काही बदललं का? बदललं असेल तर 'गेट', बदललं नसेल तर 'बी' किंवा 'हॅव'. जी चौकट वहीत आठवडाभर एकदाही आली नाही, तिची दोन वाक्यं मुद्दाम स्वतः तयार करून त्यात भरा. बहुतेकांच्या वहीत ही रिकामी जागा करवून घेण्याची असते.